माशाला खिसा नसतो

मे महिना. खैरीटोल्याची बोडी.
पाण्यात हात घातला तर
कोणी आंघोळीला काढून विसरल्यासारखं पाणी.
दोरीला बांधून थर्मामीटर सोडते रोज दुपारी:
वर छत्तीस, गाळाशी बत्तीस.
नातवाच्या जुन्या वहीत लिहिते,
एका बाजूला त्याचे पाढे,
पलीकडे माशांचा ताप.

गावात सगळ्यांच्या खिशात कांदा आहे.
कंडक्टरच्या, लाइनमनच्या,
परवाच्या नवरदेवाच्या शेरवानीतसुद्धा
आईनं गुपचूप घातलेला.
माशाला खिसा नसतो.
डोक्याला दुपट्टा नाही, माठ नाही, ओसरी नाही.
तो खाली जातो, खाली हवा नाही.
वर येतो, वर आग.

गेल्या नवतपात पहाटे चारला गेले,
वाटलं पाण्यावर सर पडते आहे, इतकी वर्तुळं.
आभाळ कोरडं.
थेंब खालून पडत होते.
सगळी बोडी तोंड उघडून होती.
उजाडता उजाडता कतले उलटे झाले,
मग रोहू,
मिरगल शेवटी, गाळाची सवय म्हणून.
अकरा पोती पुरली पळसाखाली.
यंदा तो पळस फार फुलला.
हे मी कोणाला सांगत नाही.

साकोलीच्या शिबिरात एक पोरगी आलेली, वलथरे आडनावाची,
पँट गुडघ्यापर्यंत दुमडून सरळ पाण्यात उतरली.
म्हणाली, तापायच्या आधी द्यायचं, काकू.
तरंगल्यावर कोणतीच पुडी कामाची नाही.
किलोभर खाद्याला ग्रॅमभर जीवनसत्त्व क,
थोडी हळद, घरची चालेल,
कोंडा, ढेप, आणि चिकटायला भाताची पेज.
पेज गार करूनच.
गरम पेजेत पावडर मरते म्हणे.
उन्हाचं औषध, तेही उन्हालाच भितं.

समितीत तानबाजी चाचाणे उठले:
"मानसाले दवा भेटत नाई, अना मासोरीले पावडर?"
सगळे हसले. मीही हसले.
पैसे निघाले एकाच बोडीपुरते.

तर एप्रिलपासून मी पेज शिजवते आहे.
परातीत ओतते, पंख्याखाली ठेवते,
बोट बुडवून पाहते, बाळाच्या दुधासारखं.
सून म्हणते, आमच्यासाठी कधी गार केली नाही.
खरं आहे.
एकदा पावडर जिभेवर ठेवून पाहिली:
आंबट, झणकन कानापर्यंत जाणारी आंबट.
लहानपणी वैनगंगेच्या रेतीत डांगरवाडीवर
माय चिंचेचं पाणी पाजायची उन्हाच्या आधी,
म्हणायची, पी, नाहीतर ऊन गिळेल.
मायला ग्रॅम माहीत नव्हता.
तिच्या पुडीवर नाव नव्हतं.

नवतपा आला. गेला.
खाद्य दुपारी बंद, सकाळी ऊन चढायच्या आधी, तेही निम्मं.
रात्री इंजिन लावून पाणी पाण्यावरच आपटलं,
डिझेल संपेपर्यंत.
वहीत आहे सगळं:
तळ्याकडच्या बोडीत मेले एकशे चाळीस.
पेजेच्या बोडीत एकोणीस.
वलथरे पोरीला फोन केला, ती ओरडलीच आनंदानं.
मी मात्र लिहून ठेवलं खाली, नातवाच्या पेन्सिलीनं:
पेजेच्या बोडीवर मोहाची सावली आहे,
दोन वाजल्यापासून.
पावडरीनं वाचले की मोहानं,
हे माशाला विचारावं लागेल.

आज जाळं टाकलं, फक्त पाहायला.
एक रोहू हातात आला, थंड नाही, पण ताठ,
शेपटीची अशी थप्पड दिली मनगटावर
की बांगडी फुटली.
सोडून दिला.

तानबाजी काठावर बसलेले, बिडी न पेटवता.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग पाण्याकडेच बघत म्हणाले,
"थो पुडा केवढ्याचा येते?"
मी सांगितलं.
त्यांनी खिशात हात घातला.
आधी कांदा निघाला.